झटके खाणाऱ्या दोराची खंडेनवमी

मित्रांनो, दोरांमध्ये म्हातारपण लवकर येते. माणसाच्या हिशेबाने मी अजून बालवाडीत रडत बसलो असतो. दोराच्या हिशेबाने माझी पेन्शन केव्हाच सुरू व्हायला हवी होती. मी नायलॉनचा एक जुना दोर आहे. जाडी अंगठ्याएवढी, रंग एके काळी पांढरा. आताचा रंग सांगायला मला संकोच वाटतो. मला दोन हात आहेत, आणि दोन्ही हात जिथे मिळतात तिथे पोलादाचा एक आकडा आहे. जाणकार लोक मला 'स्नबर' म्हणतात. ज्या घरात मी नांदलो तिथे जाणकार कमी असल्यामुळे मी 'तो दोर' होतो.

माझे काम आधी सांगतो, कारण ते कुणाला ठाऊक नसते. यॉट म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र बोट, काळा चष्मा आणि सरबताचा ग्लास येतो. भर समुद्रात ती बोट एका जागी उभी कशी राहते, हा प्रश्न सरबत पिणाऱ्याला पडत नाही. ती नांगरावर उभी राहते. नांगर तळाला रुततो, त्याला साखळी असते, आणि साखळीचे दुसरे टोक बोटीच्या पुढच्या बाजूला विंचवर, म्हणजे साखळी गुंडाळणाऱ्या विजेवरच्या चाकावर असते. साखळी भक्कम असते. पण भक्कम माणसांचा जो दोष, तोच तिचा. तिला ताणून घेणे माहीत नाही. लाटेने बोट उचलली, वाऱ्याने मागे रेटली, की साखळी ताठ होते आणि 'खण्ण' करून बोटीला हिसका देते. तो हिसका सरळ विंचला बसतो. विंचचा जन्म साखळी ओढण्यासाठी झाला आहे, मार खाण्यासाठी नव्हे.

मार खाण्यासाठी मी आहे. नांगर टाकून झाला की माझा आकडा साखळीच्या एका कडीत अडकवायचा, माझे दोन हात बोटीच्या पुढच्या दोन खुंटांना बांधायचे आणि मग साखळी आणखी थोडी सोडायची. साखळीला झोळ पडतो, विंच मोकळी होते आणि सगळी बोट माझ्या दोन हातांवर येते. लाट आली की मी लांबतो, गेली की आखडतो. दोन हट्टी माणसांच्या मध्ये एक ऐकून घेणारे माणूस असले की घर चालते, तसेच हे. त्या ऐकून घेणाऱ्याचे पुढे काय होते, याची चौकशी सहसा होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे शेकडो धाग्यांना पीळ घालून मला तयार केले आणि मोठ्या रिळावर गुंडाळून ठेवले. ते माझे सुखाचे दिवस. मग मुंबईतल्या एका दुकानातून उमेळे गावचे देवेंद्र मला घेऊन आले.

देवेंद्र म्हणजे वाडीवाल्यांचे वंशज. केळी, पानवेली, सोनचाफा अशी तीन पिढ्यांची वाडी. त्यांनी स्वतः मात्र आयुष्यभर एअर-कंडिशनर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी केली, वेळेआधी निवृत्ती घेतली आणि राहिलेली शेवटची वाडी इमारतीला दिली. वाडीच्या जागी जी इमारत उभी राहिली तिच्या नावात बाग आहे. बाकी कुठे नाही. त्यानंतर त्यांनी मुंबईच्या एका कुटुंबाने वापरून कंटाळलेली मोटर यॉट घेतली आणि वाडीतल्या केळ्याच्या जातीवरून तिचे नाव 'राजेळी' ठेवले. हे नाव ऐकून आई विरघळेल, असा त्यांचा अंदाज होता.

आई, म्हणजे अनसूयाबाई, विरघळल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर देवेंद्रना बरे वाटले असते. वाडी गेल्यापासून त्या मुलाशी विचारले तेवढेच बोलत. चहा हवा का? हो. साखर? नको. बोट बघायला येतेस का? बघू. हे 'बघू' दोन वर्षे चालले. आईचे पाऊल एकदा तरी बोटीवर पडावे आणि तिने 'बरी आहे हो' एवढे म्हणावे, यासाठी हा साठीकडे झुकलेला माणूस दर रविवारी बोट पुसून घ्यायचा.

बोट पुसायचा, मला नाही. काम झाले की मला ओल्या टॉवेलांसोबत पुढच्या पेटीत कोंबत. पाहुणे आले की माझ्या आकड्याला बर्फाची पेटी लटकवत. एकदा माझ्यावर बनियन वाळत घातले होते. बोटीचा खलाशी ऑस्टिन, पाचूबंदरचा, अधूनमधून माझी बाजू घेत असे.

"शेठ, ह्याला गोडं पानी दाखवा. मीठ आत बसलं का दोर आतून खातंय."

"उद्या धुऊ," देवेंद्र म्हणत.

ऑस्टिनही मग 'उद्या' म्हणे आणि बिडी पेटवे. त्याने माझ्यासाठी एक गोष्ट मात्र खरोखर केली होती. बोटीच्या कडेवर मी जिथे घासतो, तिथे वाडीतल्या पाणी शिंपायच्या जुन्या पाइपचे तुकडे त्याने माझ्या दोन्ही हातांवर चढवले होते. त्या पाइपमुळे मी टिकलो.

मग ती खंडेनवमी आली.

त्या सकाळी देवेंद्रनी नेहमीप्रमाणे विचारले आणि अनसूयाबाई नेहमीचे उत्तर द्यायला विसरल्या. "चल," म्हणाल्या. घरात एवढी धावपळ झाली की पोळ्यांचा डबा दोनदा विसरला. सकाळच्या भरतीला खाडीतल्या धक्क्यावरून आम्ही निघालो. किल्ला मागे पडला, भुईगाव, कळंब मागे पडले, आणि राजोडीच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकला. बोटीवर चौघे होते: देवेंद्र, त्यांची बायको स्वप्ना, अनसूयाबाई आणि ऑस्टिन. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा होता. ऑस्टिनने मला साखळीवर अडकवले आणि मी नेहमीच्या जागी कामाला लागलो.

अनसूयाबाईंनी पिशवीतून पाट काढला. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार.

"आज खंडेनवमी," त्या म्हणाल्या. "या बोटीचं हत्यार कुठलं?"

मित्रांनो, दोन वर्षांत हा त्यांनी आपणहून विचारलेला पहिला प्रश्न होता. देवेंद्र हरखून गेले. त्यांनी समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा दाखवला.

"टीव्हीची पूजा करू?"

मग इंजिन दाखवले. ते तापलेले होते. मग सुकाणूचे चाक. ते निघेना.

स्वप्ना कॉलेजात फिजिक्स शिकवते. खरे ते सांगून टाकण्याची तिला सवय आहे, आणि ती सवय त्या दिवशी आम्हा सगळ्यांना महागात पडली. "आई, राबतो तो खरा हा दोर," ती म्हणाली. "सगळी बोट यानेच तोललेली असते."

"मग तोच आण," अनसूयाबाई म्हणाल्या. "राबणाऱ्याचीच पूजा असते ही."

देवेंद्रनी समुद्राकडे पाहिले. "शांत आहे. राहील बोट नुसत्या साखळीवर." ऑस्टिनने मला सोडवले.

पुढचा तासभर माझ्या आयुष्यातला सर्वात मानाचा होता. पिण्याच्या पाण्याच्या कॅनने मला आंघोळ घातली. स्वच्छ व्हावे म्हणून माझ्या हातांवरचे पाइप काढून बाजूला ठेवले. मला केबिनमध्ये पाटावर वेटोळे करून बसवले, आकड्याला कुंकू लावले, गळ्यात हार घातला. अनसूयाबाईंनी हात जोडले, देवेंद्रनी जोडले, आणि ऑस्टिनने कपाळ, छाती, खांदे असा आपल्या पद्धतीचा नमस्कार केला. "चालंल ना मावशी?" त्याने विचारले.

"न चालायला काय झालं? वर सगळ्यांचं एकच गोदाम आहे," अनसूयाबाई म्हणाल्या आणि हसल्या. देवेंद्रनी ते हसू पाहिले आणि तोंड फिरवून उगाच खिडकीची काच पुसली.

आता उमेळ्याच्या वाडीतली रीत सांगितली पाहिजे. खंडेनवमीला कोयते, कुदळी, फवारणीचा पंप सगळे पाटावर. एकदा हळदकुंकू पडले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्याराला सुट्टी, राबणाऱ्यालाही सुट्टी. वाडीत ही रीत उत्तम. कोयत्याने एक दिवस आराम केल्याने केळीचे झाड वाहून जात नाही.

मलाही आराम आवडला, खोटे कशाला बोलू. आडवे पडून राहण्याचा अनुभव नवा होता. पण जेवणे होईस्तोवर वारा फिरला. समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहू लागला, आणि त्याच्या मागोमाग लाटा आल्या. एकदा खण्ण झाले. मग पुन्हा. पाटावर बसल्या बसल्या मला प्रत्येक हिसका ऐकू येत होता. दुसऱ्याच्या घरात आपले काम बिघडताना ऐकू यावे, आणि आपण मात्र हार घालून बसलेले असावे, तसे ते होते.

"जरा खोल पाण्यात जाऊ," देवेंद्र म्हणाले आणि त्यांनी विंचचे बटण दाबले. साखळी ताणलेली असताना विंचने ओढायचे नसते, आधी इंजिनाने बोट पुढे घ्यायची असते. हे त्यांना माहीत होते. घाईत माणूस माहीत असलेलेच आधी विसरतो. विंच गुरगुरली, जळका वास आला आणि गप्प झाली. आता नांगर उचलता येत नव्हता, म्हणजे इंजिन असूनही जागा सोडता येत नव्हती. खाडीच्या तोंडाशी ओहोटीमुळे आमच्या बोटीपुरते पाणी नव्हते, त्यामुळे संध्याकाळच्या भरतीशिवाय परतही जाता येत नव्हते. मागे राजोडीच्या वाळूवर लाटा फुटत होत्या. त्या लाटांत बोट आडवी गेली की उलटायला वेळ लागत नाही. आणि अनसूयाबाईंचा एक गुडघा डॉक्टरांनी बदललेला. त्यांना हलत्या छोट्या होडीत उतरवणे अशक्य होते. सगळे त्या एका साखळीवर होते, आणि साखळी त्या जळक्या विंचवर.

ऑस्टिन पुढे जाऊन बघून आला. "शेठ, विंचचे बोल्ट हालायला लागलेत. खाली भेग दिसतेय."

स्वप्नाने आवाज खाली आणला. "अहो, दोर लावा ना आता."

"आईला काय सांगू? पूजा मोडतो म्हणून?" देवेंद्र कुजबुजले. "दोन वर्षांनी हसलीय ती."

"मग मी सांगते."

"तू नको. सुनेनं सांगितलं की त्याचा अर्थ वेगळा होतो."

"लाटेला कळतो का हा अर्थ? ऑस्टिन, तू आण."

"वहिनी, मला नका सांगू," ऑस्टिन हात मागे घेत म्हणाला. "आमचा फादर एकदा पवित्र पानी शिंपडून गेला का त्याला आम्ही बी नख लावत नाय. उद्या कायतरी झालं का म्हनतील, ऑस्टिननं पूजा मोडली."

असे ते तिघे उभे होते. मी तिथून चार पावलांवर. मित्रांनो, संकटात माणसाला काय करायचे ते सुचत नाही असे म्हणतात. इथे तिघांनाही नेमके सुचले होते. एक शिकलेला, एक शिकवणारी, एक समुद्रावर वाढलेला. प्रत्येकजण दुसऱ्याचा मान राखत होता, आणि बोट किनाऱ्याच्या दिशेने हिसके खात होती.

मोठा हिसका बसला. कपाटातली भांडी खाली आली. अनसूयाबाई खांबाला धरून केबिनच्या दारात आल्या. "हे काय वाजतंय मघापासून?"

देवेंद्र खाली पडलेली भांडी उचलू लागले. शेवटी स्वप्नाच म्हणाली, "आई, साखळीचा झटका आहे. तो दोर लावलेला असला की झटका त्याला बसतो. नसला की बोटीला."

अनसूयाबाईंनी पाटाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. माझा झेंडू जरा कलला होता.

"मग तो इथं काय करतोय?"

"तुम्हीच ठेवलात ना, आई."

"मी ठेवला. तुम्ही ठेवू दिलात! मला काय कळतं बोटीतलं? मला वाटलं, दुसरा असेल."

"दुसरा नाही," देवेंद्र म्हणाले. "आणि आज हात लावायचा नसतो ना, म्हणून..."

"कुणी सांगितलं तुला? तुझ्या आजोबांच्या वेळी याच दिवशी गोठ्यावर माड पडला. आत गाय. कोयता पाटावर. काय करायचं होतं, गाईला सांगायचं उद्या सकाळी ये म्हणून?"

"मग काय केलात मावशी?" ऑस्टिनने विचारले. अशा वेळीही त्याला गोष्ट पुरी हवी होती.

"अक्षता टाकल्या, पाट हलवला, कोयता उचलून दिला. उत्तरपूजा. देव काय पाटाला खिळे मारून बसवलेला असतो?"

एवढे बोलून त्या एका हाताने खांब धरून वाकल्या. बदललेला गुडघा वाकताना जो चेहरा होतो तो झाला. माझ्यावर चार अक्षता पडल्या. त्यांनी पाट बोटभर सरकवला, माझ्या गळ्यातला हार काढला आणि मला म्हणाल्या, "ऊठ बाबा. कामाला लाग."

आयुष्यात मला कुणी थेट काही म्हटले ते तेवढेच.

देवेंद्रनी इंजिन सुरू करून बोट हळूच पुढे घेतली, साखळी सैल झाली. ऑस्टिन पुढच्या टोकावर पोटावर पडला आणि त्याने माझा आकडा खाली कडीत बसवला. माझे हात खुंटांना बांधले, मग विंचचा ब्रेक ढिला करून साखळी सोडली. बोट मागे गेली आणि तिचे सगळे ओझे माझ्यावर आले. नेहमी मी थोडा लांबतो. त्या दिवशी मी इतका लांबलो की माझी अंगठ्याएवढी जाडी करंगळीएवढी झाली. लाट, ताण, आखड. पुन्हा लाट. खण्ण थांबले. आता फक्त माझाच आवाज येत होता, जुनी खाट कुरकुरते तसा.

आणि पाइप? ते बाजूला ठेवले होते ते बाजूलाच राहिले. बोटीच्या कडेवर मी उघडा घासत होतो. डाव्या हाताचे धागे सुटताना ऑस्टिनने पाहिले. पाइप शोधायला वेळ नव्हता. त्याने दाराशी असलेले 'सुस्वागतम्' लिहिलेले पायपुसणे उचलले, सुरीने फाडले आणि माझ्याखाली सरकवले. माझ्या वाट्याला 'सुस्वा' आले.

वारा संध्याकाळपर्यंत होता. मीही होतो. मग तो पडला. देवेंद्र आणि ऑस्टिनने हातांनी साखळी ओढून नांगर वर घेतला आणि भरतीबरोबर आम्ही खाडीत शिरलो. धक्क्यावर उतरताना अनसूयाबाई वळल्या आणि म्हणाल्या, "बरी आहे हो बोट."

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. मानाने निवृत्ती, आणि काय. पण मित्रांनो, काम चोख करणाऱ्यावर त्यानंतर येते ते खरे संकट.

विंच बदलली. मी नाही. मला देवेंद्रनी धुतले, वाळवले आणि घरी नेऊन देवघराशेजारी खुंटीवर टांगले. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी गोष्ट सांगू लागले. प्रत्येक वेळी लाटा थोड्या मोठ्या होत. एका पाहुण्याला तर त्यांनी वादळ सांगितले. पाहुणे माझ्याकडे बघत, हात जोडत, चकली खात. माझ्या डाव्या हाताच्या तीन पदरांतला एक पदर पुरता तुटलेला होता. उरलेले दोन इतके ताणले गेले होते की त्यांच्यात आता लवचिकपणा नव्हता. लांबून आखडायचे, हे मी विसरलो होतो. म्हणजे मी दोर उरलोच नव्हतो, नुसता दोरासारखा दिसत होतो.

स्वप्नाने नवा दोर आणला. तो प्लास्टिकच्या पिशवीतच पेटीत पडून राहिला.

"याने आईला वाचवलं," देवेंद्र म्हणत. "त्याला असा कसा टाकू?"

ऑस्टिन म्हणाला, "शेठ, ह्याचा जीव गेलाय. हार घालून मेलेला उठत नाय."

"पुढच्या वर्षी बघू."

मला त्या माणसाचा राग येत नसे. तीन पिढ्यांची वाडी ज्या हाताने दिली, तो हात आता कुठलीच जुनी वस्तू सोडायला तयार नव्हता. एका दोराला ते ओझे झेपणार नव्हते, पण ते त्याला कोण सांगणार?

आणि भाऊबीज आली. अनसूयाबाईंचे भाऊ रामचंद्र अर्नाळ्याला राहतात. "ओवाळायला बोटीनं जाऊ," असे या वेळी त्याच म्हणाल्या. देवेंद्रनी मला खुंटीवरून काढले. मोठ्या दिवशी मोठा दोर. अर्नाळ्यासमोर नांगर टाकून थांबायचे होते, आणि रामचंद्र होडीने बोटीवर येणार होते. म्हणजे ती बाई, तिचे ओवाळणीचे ताट आणि सगळी बोट पुन्हा माझ्या त्या दोन पदरांवर येणार होती. माझ्याकडून ते होणार नव्हते. आणि मला बोलता येत नाही. हे सगळे तुम्हाला सांगतो आहे ते लेखी.

धक्क्यावर अनसूयाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. ऑस्टिन मला मोकळे करत होता. त्यांनी माझा डावा हात मांडीवर घेतला. मला वाटले, पुन्हा कुंकू. पण त्यांनी आपली दोन बोटे माझ्या अंगावरून फिरवली, सावकाश, टोकापासून. आयुष्यभर केळीच्या सोपांनी, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालींनी, पानवेली बांधलेली ती बोटे. जिथे पदर तुटला होता तिथे थांबली.

"हा तुटलाय."

"हो, पण ह्यानेच तर तुला..."

"म्हणून हाच? डॉक्टरनं माझा गुडघा बदलला. जुना गुडघा देवघरात ठेवलाय का आपण?"

ऑस्टिन मोठ्याने हसला आणि मग देवेंद्रांचा चेहरा बघून धक्क्यावर वाळत घातलेल्या एका जाळ्याकडे बघू लागला.

"सगळंच जुनं टाकायचं म्हणजे..." देवेंद्र म्हणाले आणि अडखळले. "वाडी दिली तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस."

"तू विचारलंस कुठे? सहीला कागद आणलेस. पेनही टोपण काढून आणलंस."

खाडीतून एक मच्छीमार बोट गेली.

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं. रडले असते. चार दिवस जेवले नसते." त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवले. "मग सही केली असती. विहिरीचं पाणी खारं झालं होतं, चव मलाही कळत होती की. पण माणसाला विचारायचं असतं रे. उत्तर माहीत असलं तरी विचारायचं असतं."

देवेंद्र त्यांच्या खुर्चीशी खाली बसले, धक्क्याच्या ओल्या फरशीवर, चांगल्या पँटीत. मग म्हणाले, "आई, नवा दोर लावू?"

"लाव," अनसूयाबाई म्हणाल्या. "मग मी बसते."

प्लास्टिक फाडल्याचा आवाज मी ऐकला. नवा दोर पांढरा होता, ताठ होता आणि काहीच ठाऊक नसल्यासारखा दिसत होता. ऑस्टिनने त्याच्या दोन्ही हातांवर वाडीच्या पाइपचे तुकडे चढवले. बोट अर्नाळ्याकडे निघून गेली आणि मी धक्क्यावर राहिलो.

आता मी पाचूबंदरला ऑस्टिनच्या अंगणात असतो. बोंबील सुकवायच्या बांबूंना त्याने मला बांधले आहे. वास आहे, झटका नाही. बोंबलांचे वजन मला पेलते.

मित्रांनो, माझ्या वयाचा कुणी आपली कहाणी सांगू लागला की शेवटी म्हणतो, मला टाकू नका, जपा. माझे मागणे उलटे आहे. तुमच्या घरात, शाळेत, बोटीत, झोपाळ्यावर जो दोर तुमचे वजन पेलतो, त्याला नमस्कार करायचा तर जरूर करा. पण त्याआधी दोन बोटे त्याच्या अंगावरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बोटांना खरखर लागली, तर तो काही सांगतो आहे. त्याचे ऐका. त्याला उतरवा, त्याच्या जागी नवा बांधा, आणि त्याला झेपेल असे हलके काम द्या. तुमच्या मनातले ओझे त्याच्यावर टाकू नका. आम्ही फार समजूतदार असतो, मित्रांनो. तुटेपर्यंत बोलत नाही.